क्षमा मिळाली आहे, भरपाई राहिली आहे

आदरणीय ताई,

मी त्रेसष्ट वर्षांची निवृत्त कॅथलिक बाई. नोकरीत हिशेबाचं काम माझ्याकडे होतं. एकदा रोकडीत तूट निघाली. मी पैसे घेतले नव्हते, पण नोंद माझ्याच हातून चुकली होती. चौकशीत मी घाबरले आणि ‘त्या दिवशी किल्ली यांच्याकडे होती’ असं एका सहकाऱ्याबद्दल खोटं सांगितलं. त्यांची नोकरी गेली, ते घर हलवून दुसऱ्या गावी गेले. याला बावीस वर्षं झाली.

हे सगळं, काहीही न लपवता, मी आजवर अनेक धर्मगुरूंपुढे निवेदन केलं. प्रत्येकाने क्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या, त्या मी केल्या. तरी मन शांत होत नाही. दर उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, राखेच्या बुधवारपासून मी पाव आणि पाण्यावर राहते. मधुमेह आहे, डॉक्टर रागावतात. क्रुसाची वाट, येशूच्या दुःखसहनाची ती प्रार्थना, एकदाही चुकवत नाही. मिस्सेत पवित्र भाकर घ्यायच्या, कम्युनियनच्या, रांगेत मात्र उभी राहत नाही, माझी लायकी नाही असं वाटतं. पहिल्यांदा पापनिवेदनाला गेले ती नरकाच्या भीतीने, देवावरच्या प्रेमाने नव्हे. म्हणून ते निवेदन लागूच झालं नसेल का? यंदा पुन्हा सगळं सांगू का? आणखी किती प्रायश्चित्त केलं म्हणजे देव शांत होईल?

ते सहकारी हयात आहेत असं कानावर येतं. माझ्या मुलीला यातलं काहीच माहीत नाही. तिला सांगू का?

– एक बेचैन भगिनी

प्रिय भगिनी,

पहिलं उत्तर आधी देते. ते पाप पुन्हा निवेदन करू नका. तुम्ही लिहिता तसं सगळं मोकळेपणाने सांगितलं असेल, केल्याचं दुःख मनात असेल आणि पुन्हा तसं करणार नाही असं ठरवलं असेल, तर धर्मगुरूंनी पहिल्यांदा तुमच्यावर क्षमेचे शब्द उच्चारले त्याच क्षणी ते पाप गेलं. त्यानंतरच्या वेळी तुम्ही जे घेऊन गेलात ते पाप नव्हतं, त्याची आठवण होती. आठवणीला पापक्षमा लागत नाही.

ते शब्द नीट आठवून पाहा. ‘देव तुम्हाला क्षमा करो’ अशी नुसती सदिच्छा धर्मगुरू व्यक्त करत नाहीत. आज वापरात असलेला विधी १९७३ साली आला. त्यातली प्रार्थना देवाला करुणेचा पिता म्हणून सुरू होते. आपल्या पुत्राच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने त्याने जगाचा स्वतःशी समेट केला, असं ती सांगते. मग येतं ते वाक्य: पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुमच्या पापांची क्षमा करतो. वाणी त्या माणसाची असते, क्षमा ख्रिस्ताची असते. तुमच्यासमोर बसलेले फादर तरुण होते की वृद्ध, घाईत होते की निवांत, याने त्या वाक्याचं वजन कमीजास्त होत नाही.

आता भीतीबद्दल. नरकाच्या भीतीने केलेला पश्चात्ताप खोटा, असं चर्च कधीच म्हणत नाही. उलट कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५५१ सालच्या आपल्या चौदाव्या सत्रात नेमका हाच प्रश्न हाताळला. देवावरच्या प्रेमापोटी होणारं दुःख हा परिपूर्ण पश्चात्ताप. पापाची किळस आल्याने किंवा शिक्षेच्या धास्तीने होणारं दुःख हा अपूर्ण पश्चात्ताप. पण अपूर्ण असला तरी तो देवाचीच देणगी आहे, पवित्र आत्म्यानेच माणसाला दिलेला धक्का आहे, आणि पापनिवेदनाच्या या संस्कारात क्षमा मिळवायला तो पुरतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही हेच सांगितलं आहे. म्हणजे तुम्ही घाबरत घाबरत आत गेलात तेव्हा तुम्हाला तिथवर आणणारा देवच होता. प्रेम नंतर वाढलं असेल, अजून वाढत असेल. देव त्यासाठी थांबून राहिला नव्हता.

वारंवार तेच पाप सांगण्याची ओढ चर्चला अनोळखी नाही. लोयोलाचे संत इग्नेशियस १५२२ साली स्पेनमधल्या माँटसेराटच्या मठात गेले आणि आयुष्यभराची पापं लिहून काढून तीन दिवस त्यांनी निवेदन केलं. तरीही मन्रेसा इथे राहत असताना त्यांना वाटत राहिलं की काहीतरी सांगायचं राहून गेलंय. ते पुन्हा निवेदन करत आणि पुन्हा तळमळत. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितलं, जुनं काही सांगू नका, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा. पण त्यांना सगळंच स्पष्ट वाटे! शेवटी देवाकडून शांती मिळावी म्हणून त्यांनी खाणंपिणं सोडलं. आठवडाभर काही घेतलं नाही. धर्मगुरूंना कळलं तेव्हा त्यांनी उपास मोडायला लावला. हळूहळू इग्नेशियस यांच्या लक्षात आलं की या तळमळीतून देवावरचं प्रेम वाढत नाही, उलट हे सारं जीवनच नकोसं होऊ लागतं. जी प्रेरणा माणसाला देवापासून लांब ओढते ती देवाची नसते, हे ओळखून त्यांनी गतकाळातलं काहीही पुन्हा निवेदन न करण्याचा निश्चय केला. पुढे माणसाच्या मनात उठणाऱ्या प्रेरणा पारखायला त्यांनी इतरांना शिकवलं, त्याची मुळं या दिवसांत आहेत.

पाव-पाण्याच्या तुमच्या उपासाबद्दल वाचताना मला मन्रेसाच आठवलं, आणि थोडी काळजीही वाटली. चर्चचा उपासाचा नियम राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवसांचा आहे, तोही अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. तुम्ही त्या वयापुढे गेला आहात. शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाबरोबर सुटत नाही, पण आजारी माणसाला त्यातूनही सूट असते. मधुमेह असताना चाळीस दिवस पाव-पाण्यावर राहायला चर्चने तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. डॉक्टरांचं ऐका. हा सल्ला नरम आहे असं समजू नका, कारण पुढे मी जे मागणार आहे ते उपासापेक्षा अवघड आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमचे उपास आहेत, क्रुसाची वाट आहे, तुमची भीती आहे, तुमची बेचैनी आहे. त्या सहकाऱ्यांना मात्र सुरुवातीला दोन-तीन वाक्यं मिळाली आणि शेवटी ‘हयात आहेत असं कानावर येतं’ एवढंच. नोकरी गेल्यावर त्यांनी घर कसं चालवलं, दुसरी नोकरी मागताना ‘आधीची का सुटली’ या प्रश्नाला काय उत्तर दिलं, त्यांच्या मुलांनी आपल्या बापाबद्दल काय ऐकलं, यातलं पत्रात काही नाही. तुम्ही निष्ठुर आहात म्हणून नव्हे. भीती माणसाला स्वतःतच गुंतवून ठेवते. पण मला वाटतं तुमच्या बेचैनीचं मूळ इथेच आहे, आणि ती सगळीच्या सगळी इग्नेशियस यांच्यासारखी नाही. त्यांना न राहिलेलं काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. तुमच्याकडे खरंच एक गोष्ट राहिली आहे. देवाकडून मिळायची नव्हे, तुमच्याकडून द्यायची.

चर्च समेटाच्या, म्हणजे पापनिवेदनाच्या, संस्कारात पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई अशी तीन कामं आपल्याकडे सोपवतं. तिसरं आपण बहुतेक वेळा ‘पाच वेळा हे आमच्या बापा म्हणा’ यावर निभावतो. प्रार्थना खरीच असते, पण शेजाऱ्याचं नुकसान झालं असेल तर तेवढ्यावर ती बाब संपत नाही. धर्मशिक्षण ग्रंथाच्या १४५९ व्या परिच्छेदात सरळ लिहिलं आहे: चोरलेलं परत करावं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा उजळावं, जखमांची भरपाई करावी. साधा न्यायदेखील एवढं मागतोच. पापक्षमा पाप दूर करते, पण पापाने जी मोडतोड केली ती सगळी आपोआप दुरुस्त करत नाही. तुमच्या बाबतीत तर २४८७ वा परिच्छेद जणू नाव घेऊन बोलतो. सत्याविरुद्ध आणि न्यायाविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करण्याचं कर्तव्य, त्या अपराध्याला क्षमा मिळालेली असली तरी, उरतंच. जाहीरपणे करणं शक्य नसेल तर गुप्तपणे करावी. थेट भरून देता येत नसेल तर निदान नैतिक भरपाई प्रेमापोटी द्यावी.

‘क्षमा मिळालेली असली तरी’ हे शब्द पाहा. ते आधीच्या क्षमेवर संशय घेत नाहीत. तुम्ही लिहिता, प्रत्येक धर्मगुरूंनी प्रार्थना सांगितल्या. त्या माणसाचं काय झालं हे कोणी विचारलं नाही आणि तुम्हीही विषय काढला नाही. त्यामुळे क्षमा रद्द झाली नाही. पण क्षमेतून जे पुढे यायला हवं होतं ते बावीस वर्षं अडून राहिलं. तुम्ही मात्र दुसऱ्याच दाराशी हप्ते भरत राहिलात. ज्याचं देणं होतं त्याला काही पोहोचलं नाही, आणि ज्याने सारं माफ केलं होतं त्याच्यापुढे तुम्ही रोज थोडं थोडं ठेवत राहिलात.

म्हणूनच ‘किती प्रायश्चित्त केलं म्हणजे देव शांत होईल’ हा तुमचा प्रश्न मला मान्य नाही. देव तुमच्यावर रागावून बसलेला नाही. उपवासकाळात दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी मिस्सेत लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला दाखला वाचला जातो, वाट्याची मालमत्ता उधळून आलेल्या उधळ्या पुत्राचा. घरी परतताना त्या मुलाने एक भाषण तयार केलं होतं: बापा, मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला तुझ्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेव. पोरगा अजून दूर होता तेव्हाच बापाने त्याला पाहिलं, तो धावला, गळ्यात पडला, मुके घेतले. हे सगळं भाषणाच्या आधी झालं. मग मुलगा बोलू लागला. पाप केलं, हे म्हणाला. लायक नाही, हेही म्हणाला. ‘मोलकरी कर’ हे वाक्य मात्र त्याच्या तोंडून आलंच नाही, तोवर बाप नोकरांना झगा आणायला सांगत होता. माझ्या बहिणी, तुम्ही गेली बावीस वर्षं ते तिसरं वाक्य म्हणत आहात. पाव-पाण्यावर मोलमजुरी करून घरात राहायची परवानगी मागत आहात. बाप ते ऐकून घेत नाही. त्याला मोलकरीण नको आहे.

त्याच दिवशीच्या पहिल्या वाचनात मीखा संदेष्टा म्हणतो की देव आमची सगळी पापं समुद्राच्या तळाशी टाकील. ते वाचन ऐकाल तेव्हा तुमचं ते पाप तिथेच आहे असं समजा.

देवाची करुणा आधी येते आणि भरपाई नंतर, हा क्रम उलटला की सगळं बिघडतं. जक्कयाची गोष्ट याच क्रमाने घडते. तो जकातदार झाडावर चढून बसला होता. येशूने त्याला नाव घेऊन हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरायचं आहे असं सांगितलं. आधी पैसे परत कर, मग येतो, असं नाही म्हटलं. लोक कुरकुरले. आणि मग जक्कय उभा राहून म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता मी गरिबांना देतो, आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. त्याने ही क्षमेची किंमत चुकवली नाही. क्षमा घरात आल्यावर त्याला पैसा धरून ठेवता येईना. तुमच्याकडून मला असं काहीतरी हवं आहे. भीतीने नव्हे, घरात पाहुणा आला आहे म्हणून.

दावीद राजाची आठवणही इथे टाळता येत नाही. त्याने उरिया नावाच्या सैनिकाची बायको बळकावली आणि त्याला लढाईत मारवलं. ‘हे देवा, माझ्यावर दया कर’ हे ५१ वं स्तोत्र राखेच्या बुधवारी आपण म्हणतो, ते दावीदाच्या नावावर आहे. नाथान संदेष्ट्याने त्याला आरसा दाखवला आणि तो म्हणाला, मी प्रभूविरुद्ध पाप केलं आहे. तत्काळ उत्तर मिळालं, प्रभूने तुझं पाप दूर केलं आहे. पण उरिया मेला होता. त्याच्याकडे जाऊन काही सांगण्याचा मार्ग दावीदाला उरला नव्हता. तुमचे सहकारी हयात आहेत.

तर आता काय करायचं ते लिहिते. यंदा पापनिवेदनाला जरूर जा. जुनं पाप सांगायला नव्हे. एवढंच सांगा: ‘एका माणसाचं मी खोटं बोलून नुकसान केलं होतं, त्याची क्षमा मला मिळाली आहे, पण भरपाई करायची मी इतकी वर्षं टाळली. त्या टाळाटाळीची क्षमा मागते आणि आता ती करायची आहे.’ ही नवी आणि खरी बाब आहे. शक्य झालं तर अशा फादरांकडे जा जे तुम्हाला थोडा वेळ देतील, आणि पुढची पावलं त्यांच्याशी बोलून ठरवा. निवेदनात ऐकलेलं ते कोणालाही, कुठल्याही कारणाने सांगू शकत नाहीत. तुम्ही स्वतः विषय काढल्याशिवाय तुमच्याशीही ते त्यावर बोलणार नाहीत. म्हणून पुढच्या भेटीत सुरुवात तुम्हालाच करावी लागेल.

मग पत्र लिहा. अचानक दारात जाऊ नका, फोनही नको. बावीस वर्षांनी तुमचा आवाज कानावर पडल्यावर त्यांना काय होईल हे आपल्याला माहीत नाही. पत्र त्यांना हवं तेव्हा उघडता येईल, बाजूला ठेवता येईल, फाडताही येईल. पत्ता मिळवताना मधल्या कोणाला कारण सांगत बसू नका. ही गोष्ट आधी त्यांच्या हातात जायला हवी, जुन्या ओळखीच्यांच्या गप्पांत नव्हे.

पत्र लांबवू नका. काय घडलं ते तारखेनिशी, नावानिशी, ‘कदाचित’ आणि ‘परिस्थितीच तशी होती’ हे शब्द न वापरता लिहा. नोंद माझ्याकडून चुकली, मी घाबरले, किल्ली तुमच्याकडे होती हे मी खोटं सांगितलं, तुमचा काहीही दोष नव्हता. नंतर लिहा की हे पत्र तुम्ही हवं त्याला दाखवू शकता, आणि त्या कार्यालयाला मी हेच लेखी द्यायला तयार आहे. तुमचं जे आर्थिक नुकसान झालं त्याबद्दल मला जे देता येईल ते द्यायचं आहे, कसं ते तुम्ही सांगा. आणि तिथे थांबा.

क्षमा मागा, पण ती मिळावी म्हणून आर्जव करू नका. ‘तुम्ही क्षमा केली नाहीत तर मला मरताना शांती मिळणार नाही’ असं एक वाक्य जरी लिहिलंत तरी तुम्ही पुन्हा एकदा त्यांच्या डोक्यावर ओझं ठेवलंत असं होईल. क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे त्यांचं आहे. तुमचे उपास, तुमचे अश्रू, तुमच्या झोप न लागलेल्या रात्री त्या पत्रात नकोत. ते देवाने पाहिलं आहे, पुरे.

लेखी कबुलीचे कायदेशीर परिणाम होऊ शकतात. पत्र पाठवण्याआधी एखाद्या विश्वासू वकिलाला विचारा. ही पळवाट नाही. काय होऊ शकतं हे माहीत असताना तुम्ही पत्र टाकलंत तर ते धाडस तुमचं स्वतःचं असेल, आणि नंतर घाबरून शब्द मागे घ्यायची वेळ येणार नाही. पैशाची भरपाई एकरकमी जमणार नसेल तर जमेल तशी करा. त्यांनी नाकारली तर ती रक्कम त्यांच्या नावाने एखाद्या गरजू कुटुंबाला द्या. उपवासकाळात प्रार्थना आणि उपास यांच्याबरोबर दानधर्म सांगितलेला आहे, त्याचा तुमच्यापुरता अर्थ यंदा हा आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायात देव म्हणतो, मला आवडणारा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं. एक बेडी तुम्ही घातली होती, तिची किल्ली अजून तुमच्याकडे आहे.

उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलं असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे वचन वाचून तुम्ही कदाचित म्हणाल, म्हणूनच तर मी कम्युनियन घेत नाही. पण त्या वचनात वेदीपासून लांब बसून राहायला सांगितलेलं नाही, भावाकडे जायला सांगितलं आहे. पापक्षमा मिळाल्यावर आणि भरपाई करायचा खरा निश्चय झाल्यावर रांगेत उभं राहायला तुम्हाला कसलीही आडकाठी नाही. पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबायचं कारण नाही, तुमचा निश्चय पुरे. लायकीचं म्हणाल तर मिस्सेत कम्युनियनच्या आधी आपण सगळेच, वेदीवरच्या धर्मगुरूंसह, शुभवर्तमानातल्या त्या शताधिपतीचे, म्हणजे शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्याचे, शब्द म्हणतो: प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही, पण तू शब्द मात्र बोल. तो शब्द तुमच्यासाठी बोलला गेलेला आहे. हे वाक्य म्हणूनही जो जागेवर बसून राहतो, तो फक्त पहिला अर्धा भाग खरा मानतो.

उत्तर आलंच नाही तर? किंवा कडू उत्तर आलं तर? तेही शक्य आहे, आणि त्यांचा तो हक्क आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ धाकट्याच्या स्वागतावर रागावून अंगणात उभा राहतो. बाप त्याचीही मनधरणी करतो, पण तो आत आला की नाही हे येशूने सांगितलेलं नाही. तुमच्या सहकाऱ्यांचा राग तर थोरल्या भावापेक्षा कितीतरी न्याय्य आहे. त्यांनी क्षमा केली नाही म्हणून देवाची क्षमा परत घेतली जात नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करत राहा, त्यांचं मन वळावं म्हणून नव्हे, त्यांचं भलं व्हावं म्हणून.

आणि धीर खचेल तेव्हा येशूच्या शिष्याकडे, पेत्राकडे, पाहा. येशूला पकडलं त्या रात्री पेत्रानेही खोटं सांगितलं, तेही घाबरून, तेही एका निरपराध माणसाबद्दल: मी याला ओळखत नाही. येशूला पकडून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. त्याबद्दल मिळालेले चांदीचे तीस रुपये त्याने परत नेले, मी निर्दोष रक्ताचा घात केला असं कबूलही केलं. पण ते घेऊन तो ज्यांच्याकडे गेला त्यांनी ‘आम्हाला त्याचं काय’ म्हणून त्याला झिडकारलं, आणि येशूकडे तो वळला नाही. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण बाकीच्या शिष्यांबरोबर राहिला. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशूने त्याला त्या रात्रीबद्दल एक शब्दही विचारला नाही. तू माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच विचारलं, तीनदा, आणि दर वेळी काम सोपवलं: माझी मेंढरं राख. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी पोप झाल्यावरच्या आपल्या पहिल्याच रविवारी, १७ मार्च २०१३ रोजी, लोकांना सांगितलं की देव क्षमा करायला कधी थकत नाही, आपणच ती मागायला थकतो. तो उपवासकाळाचा पाचवा रविवार होता आणि शुभवर्तमान होतं व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीचं. तुम्ही मागायला थकला नाहीत, हे तुमच्या पत्रात दिसतं. मिळालेली क्षमा घ्यायला मात्र तुम्ही धजत नाही.

आता मुलीबद्दल. तिला सांगायचं कर्तव्य तुमच्यावर नाही. तिचं यात नुकसान झालेलं नाही, आणि क्षमेसाठी घरच्यांपुढे कबुली द्यावी लागते असं चर्च सांगत नाही. पण तुम्ही कार्यालयाला लेखी देणार असाल, पैसे देणार असाल, तर हे तिला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. पत्र टाकण्याआधी सांगा, नंतर नको. एखाद्या दुपारी तिला शेजारी बसवा आणि पत्राचा मसुदाच वाचून दाखवा. वाचून झाल्यावर तिने प्रश्न विचारले तर उत्तरं द्या. गप्प बसली तर गप्प बसू द्या.